चुकचुकण्याची बाराखडी : खोएखोए भाषेची तोंडओळख

।आए॥गम्स.

ही छपाईची चूक नाही, आणि एखाद्या अभंगाची तुटून पडलेली ओळही नाही. नामिबिया देशाची राजधानी विंडहुक, तिचं हे खोएखोए भाषेतलं नाव. ।आए म्हणजे आग आणि ॥गम म्हणजे पाणी. शहर वसलं त्या जागी गरम पाण्याचे झरे होते, म्हणून हे आगपाणी. कोकणात अशाच झऱ्यांवरून गावाचं नाव उन्हवरे पडतं, तसंच हे.

सुरुवातीची उभी रेघ आणि मधल्या दोन उभ्या रेघा ही विरामचिन्हं नाहीत, अक्षरं आहेत. खोएखोए रोमन लिपीत लिहितात, पण तिच्यात चार अक्षरं रोमन लिपीबाहेरून आणून बसवलेली आहेत: एक उभी रेघ, दोन उभ्या रेघा, उद्गारचिन्ह, आणि दोन आडव्या काड्या मारलेली उभी रेघ. पहिली दोन आपल्याला घरची वाटतात, कारण श्लोकाच्या अर्ध्यावरचा दंड आणि शेवटचे दोन दंड आपण लहानपणापासून बघतोय. म्हणून या लेखात मी तीच वापरणार आहे: । आणि ॥ आणि ! आणि ‡. एवढं ध्यानात ठेवा, की इथे दंड दिसला तर थांबायचं नाही, आवाज काढायचा.

कोणता आवाज? तोही तुमच्या तोंडात आहे. वाईट बातमी ऐकली की आपण 'च्च् च्च्' करतो. लिहिताना 'च' लिहितो खरं, पण त्या आवाजात 'च' कुठेच नसतो. जीभ वरच्या दातांमागे चिकटवून आपण ती आत ओढतो आणि हवा चुटकन आत शिरते. भिंतीवरची पाल हाच आवाज काढते म्हणून ती चुकचुकते, आणि मनात शंका आली की तिथेही पालच चुकचुकते. मराठीत या आवाजासाठी क्रियापद आहे, वाक्प्रचार आहे, फक्त वर्णमालेत जागा नाही. खोएखोएत नेमकी तीच दिली आहे: एक उभी रेघ म्हणजे हा दातांमागचा आवाज.

दोन रेघांचा आवाज आपण माणसांसाठी काढत नाही, बैलांसाठी आणि टांग्याच्या घोड्यासाठी काढतो. जिभेची कड दाढेजवळून सोडवत तोंडाच्या कोपऱ्यातून 'टक् टक्' करत जनावर हाकतात, तो. उद्गारचिन्हाचा आवाज म्हणजे मुलं जिभेने घोड्याच्या टापा वाजवतात तो, टाळूवरून जीभ खाली आदळताना निघणारा पोकळ 'टॉक्'. चौथा, दोन काड्यांच्या रेघेचा, तेवढा आपल्याकडे नाही. जीभ सपाट करून टाळूला पसरून चिकटवायची आणि झटक्यात सोडायची. आवाज टापांसारखा पोकळ येत नाही, बारीक आणि तीक्ष्ण येतो, वाळकी काटकी मोडल्यासारखा. मला तो तिसऱ्या दिवशी जमला आणि घरच्यांनी चौथ्या दिवशी बंद करायला लावला.

इथे एक सावधगिरी. एकोणिसाव्या शतकात हेन्री टिंडल नावाच्या मिशनऱ्याने या भाषेचं व्याकरण लिहिलं. त्यात तो सांगतो, की दोन रेघांचा आवाज युरोपीय लोक हटकून जीभ बाजूच्या दातांना लावून काढतात आणि तो ही भाषा बोलणाऱ्या नामा लोकांच्या कानाला खरखरीत, परका लागतो. ते लोक जिभेने सगळी टाळू झाकतात आणि आवाज जमेल तितका मागून काढतात. आपला बैल हाकायचा आवाजही दाताजवळचाच आहे. म्हणजे आपलेही उच्चार परकेच ठरणार.

आता यामागची यंत्रणा पाहू. मराठीतलं कुठलंही व्यंजन घ्या, हवा फुप्फुसातून बाहेर येते. या आवाजांचं तसं नाही. तोंडात एकाच वेळी दोन बंद दारं तयार होतात. जिभेचा मागचा भाग 'क' म्हणताना लागतो तिथे चिकटतो आणि पुढचा भाग दात किंवा टाळूला. मधे अडकलेल्या हवेच्या खाली जीभ किंचित दबते, तिथे पोकळी वाढते, हवा विरळ होते. पुढचं दार उघडलं की बाहेरची हवा आत धावते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढल्यावर पाणी आत येतं, तसंच. फुप्फुसांचा याच्याशी संबंधच नाही. पटत नसेल तर करून बघा: तोंड किंचित उघडं ठेवून नाकातून 'ङ्ङ्ङ्' असं गुणगुणत राहा आणि ते न थांबवता 'च्च्' करा. दोन्ही एकदम होतं. फुप्फुसं, कंठ आणि नाक मोकळंच असतं, त्यांच्याकडून दुसरं काम करून घेता येतं.

खोएखोएची सगळी करामत या मोकळ्या राहिलेल्या वाटेत आहे.

शाळेत आपण वर्णमाला वर्गांनी पाठ केली. कवर्गात क ख ग घ ङ. जागा एकच, पण एकदा साधा, एकदा श्वास सोडून, एकदा कंठ हलवून, एकदा नाकातून. मग चवर्ग, मग टवर्ग. खोएखोएतले हे आवाज अगदी असेच मांडता येतात. वर्ग चार: दंडवर्ग, दोन दंडांचा वर्ग, उद्गारवर्ग, काड्यांचा वर्ग. प्रत्येकात अक्षरं पाच. चार पंचे वीस. एक साधं. एक 'ख'सारखं, पाठोपाठ श्वासाचा जोर असलेलं. एक नाकातलं, 'ङ' गुणगुणत केलेलं. एक असं, की आवाज झाल्यावर श्वास उशिरा, हलकेच 'ह' होऊन येतो. आणि एक असं, की आवाजानंतर गळा क्षणभर बंद होतो आणि मग स्वर फुटतो. लिहिताना दंडापुढे ग, ख, न, ह लावतात, आणि पाचव्यापुढे काहीच लावत नाहीत.

नवशिके नेमके इथे अडखळतात. ज्याच्यापुढे काहीच लिहिलेलं नाही ते साधं अक्षर असणार, असं कुणालाही वाटेल. पण ते गळा बंद करण्याचं आहे, आणि साध्याच्या पुढे 'ग' लिहितात. तो 'ग' उच्चारायचाच नसतो, ती फक्त खूण. म्हणून ।आए॥गम्स या नावात पहिल्या दंडानंतर गळा अडवायचा आणि दोन दंडांनंतर थेट 'अम्स' म्हणायचं.

एरवी या भाषेबद्दल लिहिणारे लोक 'टकटक करणारी विचित्र भाषा' म्हणून मोकळे होतात. डच लोकांनी तर या लोकांना 'हॉटेंटॉट' म्हटलं. अडखळत बोलणाऱ्याची नक्कल म्हणून ते नाव पडलं असावं असं बरेच अभ्यासक मानतात, आणि आज तो शब्द शिवीत जमा आहे. मला उलट या वर्णमालेची शिस्त बघून पाणिनीच्या परंपरेतला माणूस खूश झाला असता असं वाटतं. एकतीस व्यंजनांपैकी वीस इतक्या नीट चौकटीत बसतात की पाठ करायला चार ओळी पुरतात. उरलेली फक्त अकरा, आणि त्यात आपल्या ओळखीची बरीच गैरहजर. ट नाही, च नाही, मूळ शब्दांमध्ये ल सुद्धा नाही, मग ळ कुठून असणार! देवासाठी आज जो शब्द सर्रास वापरतात, 'एलोब', तो या 'ल'मुळेच पकडला जातो: मिशनऱ्यांनी हिब्रूतून आणलेला तो पाहुणा आहे.

आणखी एक शिस्त. हे वीस आवाज शब्दात कुठेही येत नाहीत, फक्त मूळ धातूच्या पहिल्या जागी येतात. दुसऱ्या जागी येऊ शकतील अशी व्यंजनं जेमतेम चार: ब, र, म, न. नावाच्या मधे दंड दिसला तर समजायचं की दोन शब्द जोडले आहेत आणि दुसरा तिथून सुरू होतो. म्हणजे ॥ ही अक्षराबरोबर शब्दाच्या सांध्याचीही खूण झाली. ज्याला ही गोष्ट माहीत आहे त्याला भाषा न येताही लांबलचक नावं फोडता येतात.

धातूंची लांबीही बहुधा ठरलेली असते: दोन मात्रा. मात्रा हा शब्द मी वृत्तांमधून घेतलाय आणि तो इथे जसाच्या तसा लागू पडतो. प्रत्येक मात्रेला स्वतःची उंची असते, वरची, मधली किंवा खालची. दोन मात्रांच्या उंचीची जोडी बदलली की शब्द बदलतो. चिनी भाषेबद्दल आपण हे ऐकलेलं असतं, पण आफ्रिकेत सुरांच्या भाषांची संख्या प्रचंड आहे. खोएखोएत भरीला भर अशी की शब्द वाक्यांशात पहिला आला तर त्याची एक चाल, दुसऱ्या शब्दामागे आला तर अनेकदा वेगळीच. अक्षरांचे संधी आपण सोडवतो, हे सुरांचे संधी. आणि रोजच्या लिखाणात सूर दाखवतच नाहीत. बोलणाऱ्याला संदर्भावरून कळतं, शिकणाऱ्याचे हाल होतात.

दाखवत नाहीत हे अगदी खरं नाही. थोडीशी पळवाट आहे. लेखनात प आणि ब, त आणि द, क आणि ग अशी दोन-दोन अक्षरं दिसतात, पण आवाजात फरक नसतो. शब्दाच्या सुरुवातीला प, त, क लिहिलं तर सूर वरचा आणि ब, द, ग लिहिलं तर खालचा, असा तो संकेत आहे. मराठी वाचक हे अक्षरशः उच्चारायला जातो आणि फसतो.

स्वर पाच, आपल्या ओळखीचे. शिवाय तीन नाकातले. मालवणी किंवा कोकणी कानांना याचं काही वाटणार नाही, पुणेरी कानांनी जरा लक्ष द्यावं, कारण 'हा' म्हणजे 'ये' आणि नाकातून 'हाँ' म्हणजे 'राहा'. पाहुण्याला दारातून आत बोलावताना हा फरक बरा. निरोपाचे शब्दही यातूनच बनतात. जाणारा मागे राहणाऱ्याला म्हणतो '!गाँइसे हाँ रे', नीट राहा. राहणारा जाणाऱ्याला म्हणतो '!गाँइसे !गूँ रे', नीट जा. आपल्याकडे जाणाऱ्याने 'जातो' म्हटलं की आजी रागावते, 'येतो म्हण' सांगते. तिकडे 'जा' म्हणायला हरकत नाही, नीट जा एवढंच.

त्या शेवटच्या 'रे'कडे तुमचं लक्ष गेलं असेल. तो विनंतीचा, आज्ञा मऊ करणारा शब्द आहे. 'हा रे' म्हणजे 'ये ना'. आपल्या 'ये रे'शी त्याचा काडीचा संबंध नाही. तसाच 'दिसी' म्हणजे दहा, आणि त्याचा 'दस'शी संबंध नाही. दोन भाषांमध्ये हजारो छोटे शब्द असतात, त्यातले चार-दोन योगायोगाने जुळतातच. हे मुद्दाम सांगतोय, कारण एवढ्या सामग्रीवर 'नामिबियात सापडले मराठीचे मूळ' असा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज आरामात तयार होतो.

शब्द जुळण्यापेक्षा रचना जुळणं जास्त गमतीचं असतं, आणि इथे ती खरोखरच जुळते. 'आओब गे आरिबा रा मूँ.' आओब म्हणजे पुरुष, आरिबा म्हणजे कुत्र्याला, मूँ म्हणजे बघणं, रा म्हणजे क्रिया चालू आहे. माणूस कुत्र्याला बघतोय. कर्ता, कर्म, क्रियापद, शब्दांचा क्रम आपलाच. घरासाठी 'ओम्स', आणि घरात म्हणायचं तर 'ओम्स !नाँ', 'आत' हा शब्द नामाच्या मागे, आपल्यासारखाच. शेजारच्या बांटू या आफ्रिकी कुळातल्या भाषांमध्ये क्रियापद मधे येतं आणि नामाचे वर्ग दाखवणारे प्रत्यय नामाच्या आधी लागतात. त्या शेजारात खोएखोए वेगळी उठून दिसते, पण मराठी माणसाला तिचं वाक्य उलटं लावावं लागत नाही.

वाक्यातला 'गे' मात्र समजून घ्यायला हवा. ओव्यांमधल्या 'गे'शी त्याची गल्लत नको. 'मी हे विधान करतोय' असा तो शिक्का आहे. प्रश्न विचारायचा तर तो काढून टाकतात: 'आओब आरिबा रा मूँ?' आपण प्रश्नाला 'का' चिकटवतो आणि साधं वाक्य मोकळं सोडतो. त्यांनी विधानाला शिक्का मारला आणि प्रश्न मोकळा सोडला. काळ दाखवायला क्रियापदाची रूपं बदलत नाहीत, 'रा'च्या जागी दुसरा छोटा शब्द येतो. 'गो' ठेवला तर नुकतीच घडलेली गोष्ट. 'गे' ठेवला तर लांबची, पूर्वीची. 'नीँ' ठेवला तर पुढे होणारी. म्हणून 'तिता गे गे !गूँ' हे वाक्य अडखळलेलं नाही. पहिला गे शिक्क्याचा, दुसरा जुन्या काळाचा: मी गेलो होतो, त्याला आता बराच काळ झाला.

मला सर्वांत जास्त मौज वाटली ती नामांच्या शेपटांची. धातू घ्या '।गोँआ'. त्याला ब लावा, मुलगा. स लावा, मुलगी. इ लावा, मूल. मुलगा, मुलगी, मूल! हिंदीवाल्याला किंवा इंग्रजीवाल्याला हे समजावताना घाम फुटेल, आपल्याला एका ओळीत कळतं. अनेकवचनात गु लावला तर नुसते मुलगे, दी लावला तर नुसत्या मुली, न लावला तर मुलं, म्हणजे सरमिसळ. आपणही 'मुलगे आले', 'मुली आल्या' आणि सगळी एकत्र असली की 'मुलं आली' असंच म्हणतो. वर द्विवचन आहे. 'खोए' म्हणजे माणूस. खोएखा म्हणजे दोन पुरुष, खोएरा म्हणजे दोन स्त्रिया. संस्कृतातलं द्विवचन मराठीने टाकून दिलं, पण 'दोघे, दोघी, दोघं' यात त्याची सोय लिंगासकट शिल्लक ठेवली. खोएखोएने ती प्रत्येक नामासाठी ठेवली.

ही शेपटं माणसांपुरती नाहीत. झाडाला हाइस म्हणतात, स्त्रीलिंगी. शेपूट बदलून हाइब केलं की काठी किंवा खांब. लांब, सरळ, मोठ्या वस्तूकडे पुल्लिंग झुकतं, गोल किंवा लहान वस्तूकडे स्त्रीलिंग. आपल्याकडे सुरा आणि सुरी, लोटा आणि लोटी, गाडा आणि गाडी ही जोडपी याच चालीवर आहेत, मात्र आपण मुख्यतः आकारमान बघतो, त्यांच्याकडे आकृतीलाही महत्त्व आहे. नाहीतर काठीपेक्षा झाड मोठं असून ते स्त्रीलिंगी कसं? विशेषनामंही सुटत नाहीत. येशूचा येसुब होतो. खुद्द भाषेचं पूर्ण नाव 'खोएखोएगोवाब', त्यातला शेवटचा ब तोच, पुल्लिंगी एकवचनाचा. आपल्याला भाषा ती वाटते, त्यांना तो. खोए हा शब्द दोनदा का, तर 'माणसांतली माणसं', खरी माणसं, असा त्याचा भाव सांगतात.

आता सर्वनामं. आम्ही आणि आपण यातला फरक परप्रांतीय मित्राला शिकवताना किती उदाहरणं द्यावी लागतात ते आठवा. 'आम्ही जेवायला चाललो' म्हटलं तर तू घरी बस, 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं तर चप्पल घाल. खोएखोएत हा फरक 'सि' आणि 'सा' असा आहे. सिदा म्हणजे आम्ही, सादा म्हणजे आपण. पण शेपटं इथेही लागतात. सगळे पुरुष असले तर सिगे आणि सागे. सगळ्या बायका तर सिसे आणि सासे. दोनच पुरुष असले तर सिखोम आणि साखोम. आम्ही का आपण, दोघं का अनेक, पुरुष का बायका का मिश्र, असे बारा खाने पडतात, काही खान्यांत रूप एकच असलं तरी. एका 'साखोम' शब्दात 'तू आणि मी, आपण दोघे गडी' एवढं सगळं बसतं.

त्या 'सा'ची आणखी एक खुबी आहे. 'तू' म्हणायलाही तोच वापरतात. पुरुषाला 'सात्स', बाईला 'सास'. म्हणजे सादा याची फोड केली तर निघतं 'तू' अधिक 'आम्ही', आणि बेरीज झाली 'आपण'. आता मराठीतलं आपण बघा. 'आपण कुठून आलात?' यात आपण म्हणजे समोरचा. 'आपण निघू या' यात समोरचा आणि मी. वेगळ्या वाटेने येऊन दोन्ही भाषांनी 'आपण'मध्ये समोरच्या माणसाला बसवून ठेवलंय. कुठलंही नातं नसलेल्या दोन भाषांमध्ये हे बघायला मिळालं, तेव्हा मी वाचता वाचता थांबलो होतो.

असंच आणखी एका शब्दापाशी थांबलो. '॥खा' म्हणजे जमणं, शक्य होणं. धातू दोनदा म्हटला की 'करायला लावणं' असा अर्थ येतो. ॥खा॥खा म्हणजे एखाद्याला जमेल असं करणं, अर्थात शिकवणं. त्याला 'सेन', म्हणजे स्वतःला, जोडलं की ॥खा॥खासेन, शिकणं. शिकणं म्हणजे स्वतःला जमवून घेणं. आपलं 'शिक्षण' ज्या 'शिक्ष्' धातूवरून आलं तो संस्कृतात 'शक्' वरूनच निघाला: शक्य व्हावं अशी इच्छा करणं. एकाने इच्छा धरली, दुसऱ्याने दोनदा म्हटलं.

क्रियापदांना जोडायची अशी शेपटं बरीच आहेत. मूँ म्हणजे बघणं. मूँसेन स्वतःला बघणं, मूँगु एकमेकांना बघणं, मूँहे बघितलं जाणं, मूँबा कुणासाठी तरी बघणं. ही यादी आणखी लांबवता येईल, पण त्यात आता नवं काही नाही.

बोलीभाषांकडे वळण्याआधी कुळाचा घोळ निस्तरायला हवा. आफ्रिकेतल्या टकटक आवाजांच्या, बांटू नसलेल्या भाषांना मिळून 'खोइसान' म्हणायची पद्धत आहे. तो शब्द १९२८ साली लेओनहार्ड शुल्त्से या जर्मन अभ्यासकाने तयार केला: खोए, म्हणजे माणूस, आणि सान, म्हणजे गुरं न पाळणारे, शिकार करून आणि कंदमुळं गोळा करून राहणारे. दोन्ही शब्द खोएखोएमधलेच. पुढे जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने त्याला एक भाषाकुळ ठरवलं. आज बहुतेक तज्ज्ञ ते मानत नाहीत. निदान तीन वेगळी कुळं आहेत आणि टांझानियातल्या हाद्झा व सांदावे या भाषांचं आणखी वेगळं. आवाज सारखा म्हणून नातं लावणं म्हणजे मराठी आणि तमिळ दोन्हीत ळ आहे म्हणून त्यांना सख्ख्या बहिणी ठरवण्यासारखं. हे आवाज तर उसनेही घेतले जातात. नेल्सन मंडेलांची मातृभाषा खोसा ही बांटू कुळातली, पण शेजाऱ्यांकडून तिने हे आवाज इतके उचलले की तिच्या स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षरच दोन दंडांच्या वर्गातलं झालं.

खोएखोए आज सुमारे दोन लाख लोक बोलतात, बहुतेक नामिबियात, थोडे बोट्सवाना आणि दक्षिण आफ्रिकेत. पूर्वी तिच्या भावंडांचा पसारा थेट केप टाउनपर्यंत होता. १६५२ मध्ये डच तिथे उतरले, जमिनी आणि गुरं गेली, १७१३ मध्ये देवीची साथ आली, आणि केपकडची खोएखोए हळूहळू आफ्रिकान्स भाषेत विरून गेली. नामिबियात १९०४ ते १९०८ या काळात जर्मन सैन्याने हेरेरो आणि नामा लोकांचा संहार केला. लुडेरित्झ या बंदराच्या किनाऱ्यावर शार्क आयलंडवरच्या छळछावणीत कैदी मेले. भाषेच्या लेखात हे यासाठी, की बोलींचा नकाशा नुसत्या डोंगर-नद्यांनी बनत नाही.

तो नकाशा दक्षिणेकडून उत्तरेकडे वाचावा. खाली कीटमान्सहूप, बेथानी आणि सीमेपलीकडे रिख्टर्सफेल्ड इथे नामा बोली. मधल्या आणि वायव्येकडच्या भागात, खोरिक्सास, ओकोम्बाहे, सेसफोंतेन इथे दामारा. नामा आणि दामारा हे दोन वेगळे समाज, इतिहास वेगळा, भाषा मात्र एक, आणि दामारांकडे ती केव्हा व कशी आली यावर अभ्यासक अजून वाद घालतात. दोघे एकमेकांशी बोलताना अडत नाहीत. वऱ्हाडी आणि सातारी माणूस बोलतील तसं, थोडी थट्टा करत. 'नामा' म्हटलं तर दामारा दुखावतात, 'दामारा' म्हटलं तर नामा. म्हणून नामिबिया १९९० मध्ये स्वतंत्र झाल्यानंतर शाळेत आणि सरकारी कागदांत खोएखोएगोवाब हे दोघांना सामावणारं नाव रुळवण्यात आलं. रेडिओवर मात्र बरीच वर्षं दामारा-नामा अशी जोडी ऐकू यायची.

आणखी वर एतोशाच्या खाऱ्या मैदानाभोवती हाइ॥ओम लोक. आता हे नाव तुम्हाला फोडता येईल: हाइ म्हणजे झाड, आणि दोन दंडांपासून पुढचा शब्द ॥ओम म्हणजे झोपणं. झाडाशी झोपणारे. १९५४ मध्ये त्यांना एतोशाच्या अभयारण्यातून बाहेर काढलं. प्राण्यांसाठी जागा राखताना तिथली माणसं हलवायची, ही गोष्ट आपल्यालाही नवी नाही. सगळ्यात उत्तरेला ‡आखोए बोली, आणि तिथे दक्षिणेच्या नामा माणसाला अवघड जायला लागतं, कारण ती कालाहारीतल्या खोए भाषांकडे सरकत जाते. कुठे एक भाषा संपते आणि दुसरी सुरू होते अशी रेघ तिथे मारता येत नाही. सावंतवाडीहून पेडण्याला जाताना मराठी कुठे संपली ते सांगता येत नाही, तसंच.

या भाषेतलं एक अगदी सुरुवातीचं छापील पुस्तक १८३१ मध्ये केप टाउनला निघालं: बायबलमधल्या चार शुभवर्तमानांचा अनुवाद. नाव योहान हाइनरिख श्मेलेन या जर्मन मिशनऱ्याचं, पण भाषा त्याच्या नामा पत्नीची, झाराची, आणि तिच्याशिवाय ते काम झालं नसतं हे आता सर्वमान्य आहे. उभ्या रेघांची अक्षरं एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कार्ल रिखार्ड लेप्सिउस या जर्मन विद्वानाच्या लेखनपद्धतीतून आली. आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपीने मात्र १९८९ पर्यंत त्यांच्या जागी दुसरीच चिन्हं चालवली आणि मग मुकाट्याने याच रेघांकडे परतली. २००२ मध्ये विल्फ्रिड हाके आणि एलिफास आइसेब यांचा मोठा कोश आला, त्यात सूरसुद्धा नोंदवले आहेत.

२०१३ मध्ये नामिबिया सरकारने लुडेरित्झ मतदारसंघाचं नाव बदलून !नामि‡नूँस केलं. परदेशी बातमीदारांनी हे नाव कसं उच्चारायचं यावर गमतीचे रकाने भरले. खरी अडचण उच्चाराची नव्हती, टंकलेखनाची होती. खोएखोएतलं उद्गारचिन्ह आणि आपण वाक्याच्या शेवटी देतो ते, ही संगणकाच्या लेखी दोन निरनिराळी अक्षरं आहेत, दिसायला सारखी असली तरी. नेहमीच्या कीबोर्डवर दुसरंच मिळतं, म्हणून लोक तेच दाबतात. मग संगणकाला वाटतं वाक्य संपलं. शोध घेतला की नाव सापडत नाही, ओळ नको तिथे तुटते. मराठीत 'दऱ्या' लिहायला गेलं की 'दर्या' उमटायचा, तो त्रास ज्यांनी काढलाय त्यांना हे वेगळं सांगायला नको.